मुरलेलं नाक

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब.

तुमचं नाव इथं देत नाही. दिलं तर तुम्ही नावावरून भांडत बसाल आणि मूळ गोष्ट बाजूला पडेल. तुम्ही कोण ते तुम्हाला बरोबर ठाऊक आहे. करमाडच्या अलीकडं, हायवेपासून आत, पत्र्याच्या शेडमध्ये सेंटच्या मेणबत्त्या भरतात, तिथं वर्षातून एकदा तुम्ही तपासणीचे सरकारी डॉक्टर म्हणून पांढऱ्या गाडीतून उतरता. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसता. साठ बायांचे कान, नाक, घसा, छाती तपासून दीड तासात उरकता, सरकारी कागदावर सही ठोकता आणि निघता. त्या कागदावर सुलेखाच्या पोरीच्या नावापुढं तुम्ही एक शब्द लिहिला. त्या शब्दानं काय केलं ते आता वाचा. शेवटपर्यंत वाचा, मधेच चहा मागवू नका.

तो रविवार होता. सुलेखा आणि तिची पोरगी श्रेया दुपारच्या शहरात, कॅनॉटच्या बाजारात उतरल्या त्या भेटवस्तू घ्यायला. सुलेखाच्या भाचीनं, मोनालीनं, मुकुंदवाडीला फ्लॅट घेतला होता आणि पुढल्या पौर्णिमेला तिथं बुद्धवंदना ठेवली होती. सुलेखाच्या मनात स्टीलचा पाच किलोचा डबा होता, वर नाव कोरून. श्रेयानं ते ऐकूनच कपाळाला हात लावला होता.

"मम्मी, डबा? मोनालीताईच्या किचनमधी सगळं मॉड्युलर हाय. तुझा डबा ती माळ्यावर टाकंल."

"टाकू दे की. नाव तर राहील कोरलेलं."

"माळ्यावर राहून नाव काय करतंय?"

पोरगी अशी. विसावं लागलेलं, बारावी सायन्स झालेली, जिभेला धार. बाप पुण्याला वॉचमन, महिन्यातून एकदा येणार, झोप काढून जाणार. सुलेखा चार वर्षांपासून त्या शेडमध्ये मेण भरत होती आणि आठ महिन्यांपूर्वी पोरीलाही तिनंच आत घातलं होतं. सुपरवायझर बद्रीनाथच्या फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं होतं तिनं त्यासाठी. घरी बसून मोबाईल बघण्यापेक्षा चार पैसे येतील, डोळ्यासमोर राहील, असा तिचा हिशोब. आईचा हिशोब असाच असतो. तो चुकतो तेव्हा त्याची दाद कुठं मागायची ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

श्रेयानं हेरून ठेवलेलं दुकान काचेच्या दाराचं होतं. दार ढकललं की आतली गार हवा तोंडावर यायची. सुलेखा दारातच चपला काढायला लागली. पोरीनं दंडाला धरून तिला आत ओढलं.

आत सगळा पिवळा, मऊ उजेड. मातीचे वाटावेत पण मातीचे नसलेले कप. चटणीसारख्या हिरव्या रंगाचे बिछाने. उंच फुलदाणीत वाळलेलं तुऱ्याचं गवत, आणि त्या गवताला चिठ्ठी लावलेली, चिठ्ठीवर किंमत.

"ह्ये इकत्यात?" सुलेखानं विचारलं.

"डेकोर असतं ते."

"आपल्या शेडमागं लई डेकोर उगवलंय मग. बद्रीनाथ काडी लावून जाळतो दरसाल."

श्रेया फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात धरला. सुलेखालाही मजा यायला लागली. काथ्याच्या टोपल्या होत्या, तिच्या माहेरी देवगाव रंगारीला गोवऱ्या भरायला असायच्या तशा, इथं त्यांत टॉवेलांच्या गुंडाळ्या. दगडी खलबत्ता होता, पण त्यात कुटायचं नाही, तो नुसता ठेवायचा. काचेच्या बाटलीत काड्या खोचलेल्या, त्या काड्या वास वर ओढतात म्हणे. सुलेखानं उशीच्या अभ्र्यावरून हात फिरवला. आवडलं तिला. खोटं कशाला बोलू? तिला सगळंच आवडलं. असं घर असावं, अशा उजेडात बसून चहा प्यावा, असं कुणाला वाटणार नाही? आणि मग भिंतीजवळ तिला बुद्ध दिसला.

नुसतं डोकं. मोठं, राखाडी, जमिनीवर ठेवलेलं, छत्र्यांच्या स्टँडला चिकटून. त्याच्या वरच्या फळीवर लहान लहान डोकी रांगेनं, मेणाची. प्रत्येकाच्या टाळूतून वात निघालेली.

"श्रेया, ह्ये पेटवायचं असतं?"

"व्हय. हळू बोल."

"मग ते वितळत वितळत आधी कपाळ जाणार. मग डोळे. मग नाक."

"मम्मी, बास."

"मोनालीच्या घरी वंदनेला ह्ये नेऊ? भंतेजींच्या समोर पेटवू?"

सुलेखा वाकली, जमिनीवरचं ते डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि मधल्या टेबलावर, कपांच्या गर्दीत, नीट मांडून ठेवलं. हात पदराला पुसले.

काळ्या टीशर्टातली एक बाई लगबगीनं आली. तिशीतली, केस मानेवर बांधलेले, छातीवर नावाची पट्टी: मोनिका. दुकानाची मॅनेजर तीच.

"मॅडम, त्याची जागा खाली आहे."

"त्याची जागा खाली नाय, ताई," सुलेखा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं.

मोनिकानं तिच्याकडं पाहिलं, गळ्यातल्या निळ्या मण्यांच्या माळेकडं पाहिलं, मग डोक्याकडं. "राहू द्या तिथंच. छान दिसतंय," ती म्हणाली. माणूस म्हणून ती वाईट नव्हती. या गोष्टीत वाईट कोण ते मी सुरुवातीलाच सांगून बसलोय.

श्रेयाला मात्र लाज लाज झाली होती. विषय बदलायला म्हणून ती मेणबत्त्यांच्या कपाटाकडं वळली आणि ओरडलीच.

"मम्मी! आपलं!"

जाड राखाडी काचेची बरणी, लाकडी झाकण, गळ्याला काथ्याची गाठ. सुलेखा डावरी. तिची गाठ बाकी बायांच्या उलट बाजूला पडते, शेडमध्ये त्यावरून रोज चेष्टा होते. ही गाठ तिचीच होती. शेडमधून माल बिनालेबलाचा जातो, लेबल पुढं कुठंतरी लागतं, त्यामुळं चार वर्षांत तिनं आपली बरणी नावानिशी पाहिली नव्हती. आता पाहिली. वर इंग्रजीत नाव, खाली बारीक अक्षरांत 'हँडमेड'. हात कुणाचे ते लिहिलेलं नव्हतं. किंमत वाचली तेव्हा सुलेखानं बरणी दुसऱ्या हातानंही धरली.

"ही सोळा नंबरच्या सेंटची," श्रेया मोनिकाला सांगत होती. "सोळाचं मेण जरा पिवळट असतं, गार झालं की मधी खळगा पडतो, मग वरून परत ओतावं लागतं. ही बावीस, पांढरीफेक. ही नऊ, हिच्या कडेला फेस राहतो बघा."

"तुला कसं माहीत?"

"आम्हीच भरतो ना ताई. मी आन् मम्मी."

मोनिकाचे डोळे मोठे झाले. तिनं अजून दोन-तीन बरण्या काढल्या, लेबल हातानं झाकून पुढं धरल्या. पोरीनं फटाफट नंबर सांगितले. कुठलं किती गरम करतात, कुठलं आधी जळतं, कुठल्यानं काच काळी पडते. मोनिका हसायला लागली.

"अगं, आमच्या पोरींना चार-चार महिने ट्रेनिंग देऊन हे येत नाही. दारावरचा कागद वाचलास का?"

कागद होता. सेल्ससाठी मुलगी पाहिजे. श्रेयानं तो येताना वाचला होता आणि आईला सांगितला नव्हता.

"चल, आत्ताच बघू," मोनिका म्हणाली. "छोटीशी टेस्ट असते. पास झालीस तर जागा तुझी."

सुलेखाला त्या घटकेला आपली पोरगी दिसली, काळ्या टीशर्टात, पायात बूट, या गार उजेडात गिऱ्हाइकाशी इंग्रजीतले दोन शब्द बोलताना. थिनरनं सोललेली बोटं भरून आलेली. आपण हिला त्या शेडमध्ये घातलं, आता हिनं आपल्या पायानं बाहेर पडावं. बास. दुसरं काही मागायचं नव्हतं तिला, कुणाकडंच.

इथं थांबून शेडचं सांगितलं पाहिजे, साहेब. तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला नाही.

मेण भरण्याआधी बरणी थिनरनं पुसावी लागते, नाहीतर बोटांचे डाग राहतात. थिनरचे टब दिवसभर उघडे, कारण दर मिनिटाला फडकं बुडवायचं असतं. पंखा आहे, भिंतीत मोठा, बाहेर हवा फेकणारा. तो बंद असतो. मेणाला वारा लागला की त्यावर भेगा पडतात, आणि भेग पडलेली बरणी बाद. त्यामुळं मेणाला वारा लागू द्यायचा नाही. बायांना लागला नाही तर चालतं, बाया बाद होत नाहीत.

नवी बाई आली की पहिले पंधरा दिवस तिचं डोकं फुटतं. उलट्या होतात. सेंटचे दहा प्रकार आणि थिनर, सगळं एकदम नाकात शिरतं. मग एके दिवशी ते थांबतं. डोकं हलकं होतं, वास यायचाच बंद होतो. याला शेडमध्ये 'नाक मुरलं' म्हणतात. हा शब्द मनकर्णाबाईचा. ती तिथली सगळ्यांत जुनी, बारा वर्षांची. लोणचं मुरतं, हात बसतो, तसं नाक मुरतं, असं तिचं म्हणणं, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. उलट जिचं नाक मुरलं ती पेढे वाटते. बाकीच्या टाळ्या वाजवतात, कारण आता ही पळून जाणार नाही, आता ही टिकली. नाक परत येतंच, असंही मनकर्णाबाई सांगायची. काम सोडलं की चार दिवसांत येतं. पण काम सोडून बघायला कोण गेलंय?

श्रेयाचं नाक तिसऱ्या आठवड्यात मुरलं होतं. पेढे सुलेखानंच आणले होते, करमाडच्या स्टँडवरून, पाव किलो. केवढी खुशीत होती ती त्या दिवशी! पोरगी मुरली म्हणून.

दुकानात मोनिकानं कागदाच्या चार पांढऱ्या पट्ट्या आणल्या. आत जाऊन त्यांना तेल लावून आली.

"यातली एक कोरी आहे. ती कुठली, आणि बाकीच्या तिन्हींत फूल कुठलं, फळ कुठलं, मसाला कुठला, एवढं सांग. नाव नको."

श्रेयानं पहिली पट्टी नाकाशी धरली, डोळे मिटले. रीलमधल्या बाया करतात तसं.

"फूल," ती म्हणाली.

दुसरी. "हे पण फूल. नाय, फळ." तिसरी धरली आणि हुंगायच्या आधी उलटसुलट करून पाहिली. रंग नव्हता. खळगा नव्हता, फेस नव्हता. पांढरा कागद नुसता. तिनं मान वळवून आईकडं पाहिलं, आणि सुलेखानं पहिल्यांदाच आपल्या पोरीच्या डोळ्यांत भीती पाहिली. सुलेखानं नजर बरणीवरच्या गाठीवर नेली.

"टेन्शन घेऊ नको गं," मोनिका म्हणाली. "इतके वास एकत्र आले की नाक थकतं. हे घे. कॉफीच्या बिया आहेत, हुंगल्या की नाक पुन्हा ताजं होतं. कस्टमरला पण आम्ही हेच देतो."

श्रेयानं काचेचं भांडं नाकाशी नेलं. "हां. मस्त."

"आता सांग. कोरी कुठली?"

"पहिली."

मोनिकानं पहिली पट्टी स्वतः हुंगली. मग पोरीकडं बघत राहिली. "पहिलीत लवंग आहे, बाळा. डोळ्यांत पाणी येईल एवढी. सर्दी आहे का तुला?"

"व्हय. सर्दी हाय."

सर्दी नव्हती. सुलेखाला माहीत होतं. तिनं काउंटरवरचं ते कॉफीचं भांडं उचललं आणि त्यात नाक घातलं, पार आत. बिया गार होत्या. नाकाच्या शेंड्याला टोचल्या. बाकी काही नाही. रिकाम्या पिंपात तोंड घालावं तसं. तिनं पुन्हा जोरात श्वास ओढला. छाती भरली, बास. आपलं नाक शेडमध्ये काम करत नाही हे तिला चार वर्षं ठाऊक होतं. शेडच्या बाहेरही ते मेलेलं आहे, हे तिला त्या घडीला कळलं. भाजीला चव नाही म्हणून ती बाजारवाल्याला शिव्या घालत होती, हायब्रीड माल म्हणून. विहारातली उदबत्ती हलकी झाली म्हणून तिनं दुसरा पुडा आणायला लावला होता.

"सर्दी गेली की ये," मोनिका दारापर्यंत आली. "खरंच ये हं. पंधरा तारखेपर्यंत जागा ठेवते तुझ्यासाठी."

बाहेर ऊन होतं. दोघी रिक्षाच्या थांब्यावर उभ्या राहिल्या. कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी बंद पडलेली, तिच्यातून काळं पाणी रस्त्यावर गळत होतं. थांब्यावरच्या एका म्हाताऱ्यानं उपरणं नाकाला लावलं. कॉलेजच्या दोन पोरी ओढणी दाबून "शी! क्या बदबू है" करत लांब पळाल्या. हळूहळू थांबा रिकामा झाला. उरल्या या दोघीच, गाडीपासून चार हातांवर. तोंड उघडं, नाक उघडं.

"तुला आला?" सुलेखानं विचारलं.

"नाय. तुला?"

"नाय."

"मग त्या पळाल्या कशाला?" श्रेया म्हणाली आणि रडायला लागली.

सोमवारपासून श्रेया कामावर गेली नाही. सुलेखानंही रजा टाकली. मनकर्णाबाईचं म्हणणं होतं ना, चार दिवसांत येतं. पंधरा तारखेला बारा दिवस होते. तिप्पट झाले. शेजारच्या दीपमालानं ओवा भाजून फडक्यात बांधून दिला. वाफारे झाले, मोहरीचं तेल झालं, कांदा फोडून झाला. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं म्हणून श्रेयानं लिंबू, लवंग, निलगिरी आणि गुलाब अशा चार वाट्या मांडल्या आणि डोळे मिटून रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायला लागली. डोळ्यांतून पाणी यायचं, निलगिरी डोळ्यांना झोंबायची. नाकाला नाही.

"मम्मी, लवंग कशी असते गं? म्हणजे, कशासारखी?"

सुलेखा विचार करत बसली. लवंग लवंगेसारखी असते. तिला दुसरा शब्द सापडेना. मग तिच्या लक्षात आलं की आपल्यालाही ती आता आठवत नाही.

मधे पौर्णिमा झाली. मोनालीच्या घराला शेवटी स्टीलचा डबाच गेला.

अकराव्या दिवशी दुपारी दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, नाकाशी ओव्याच्या पुरचुंड्या धरून, एकमेकींकडं बघत. एकाएकी दार धाडकन उघडलं आणि दीपमाला किंचाळत आत आली.

"अगं ए! मरायचंय का? काडी लावू नका! गॅस!"

शेगडीचं बटण अर्धं उघडं होतं. दूध उतू जाऊन आच विझली होती, किती वेळ झाला देव जाणे. दीपमालानं बटण बंद केलं, खिडकी उघडली, पदर तोंडाला लावून खोकत खोकत शिव्या दिल्या. "जिन्यापर्यंत वास सुटलाय, आन् तुम्ही दोघी इथं शेजारी बसून… नाकं गहाण ठेवली का गं?"

श्रेया वाट्या गोळा करायला लागली. चारही मोरीत ओतल्या तिनं. पुन्हा मांडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेल्या. नाक-घशाची डॉक्टर तरुण होती, थकलेली, पण तिनं नळी घालून नीट पाहिलं, तीनदा विचारलं, काम काय, थिनर कुठला, हवा कशी. मग पेन खाली ठेवलं.

"वासाच्या नसा आहेत ना, त्यांना मार बसलाय. डोकं दुखायचं थांबलं तेव्हा ते बरं झालं नव्हतं, नाक मरायला लागलं होतं. तेव्हाच बाजूला काढलं असतं, पहिल्या महिनाभरात, तर परत यायची चांगली आशा होती. आता येईलही, नाहीही. मी खोटं सांगणार नाही."

"आन् माझं?" सुलेखानं विचारलं.

"तुमचं चार वर्षांचं आहे. कठीण आहे, मावशी." मग ती श्रेयाकडं वळली. जरा रागानंच. "शिकलेली दिसतेस. तेव्हा कुणाला बोलली का नाहीस?"

"बोलले होते ना, मॅडम," श्रेया म्हणाली. "तपासणीवाल्या साहेबांना."

आलं लक्षात, साहेब? ज्या दिवशी तिचं नाक मुरलं, त्याच दिवशी तुमची गाडी आली होती. पोरगी रांगेत उभी राहिली. तुम्ही कापसाचा बोळा तिच्या नाकाशी धरला आणि विचारलं, कशाचा वास येतोय? ती म्हणाली, "कशाचाच नाय, सर. माझं मुरलं!" मागं साठ बाया हसल्या. मनकर्णाबाईनं टाळी वाजवली. सुलेखानं पुढं होऊन तुमच्या हातावर पेढा ठेवला आणि तुम्ही तो खाल्लात.

पंधरा तारखेला श्रेयाचा फोन तीनदा वाजला. मोनिका होती. पोरीनं उचलला नाही. उशीखाली घातला आणि भिंतीकडं तोंड करून पडली. त्या दिवसापासून ती जेवायला बसते, दोन घास चिवडते, उठते. कागद खाल्ल्यासारखं लागतंय, म्हणते. अंगावरचे कपडे दिवसातून तीनदा बदलते, आपल्याला घाण वास येत असेल आणि कळत नसेल, या भीतीनं. बसमध्ये बसत नाही. कुणी जवळ आलं की मागं सरकते. परवा बाप पुण्याहून आला, त्याच्यापासूनही सरकली. सुलेखा हे बघते. तिला रात्रंदिवस एकच दिसतं, पाव किलोचा तो पुडा घेऊन आपण स्टँडवरून कशा उड्या मारत आलो होतो ते.

ती शेडमध्ये गेली. बद्रीनाथकडं तपासणीचा कागद मागितला. त्यानं आधी नाही म्हटलं, मग कपाटातून फाईल काढून समोर आपटली. "वाच. तुझ्या पोरीची सही पण आहे खाली."

श्रेयाच्या नावापुढं, वासाच्या रकान्यात: नॉर्मल. तुमच्या अक्षरात.

"तुझं पण बघ की," बद्रीनाथ म्हणाला. "चार वर्षं नॉर्मल. साठच्या साठ नॉर्मल. मग आमची काय चूक?"

सुलेखानं डॉक्टरीण काय म्हणाली ते सगळ्या बायांना मोठ्यानं सांगितलं. भरणं थांबलं. मनकर्णाबाई हळूच उठली. बारा वर्षांत कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं, थिनरच्या टबावर झाकण ठेवलं. बद्रीनाथ आला आणि त्यानं झाकण काढून टाकलं. ती पुन्हा ठेवायला गेली नाही. खाली बसली, फडकं बुडवलं, बरणी पुसायला लागली. तिच्या घरी नवरा अंथरुणावर आहे. तिला मी काही म्हणत नाही.

मग सुलेखा तुमच्या ऑफिसात आली. पहिल्यांदा तुम्ही मिटिंगला होता. दुसऱ्यांदा दौऱ्यावर. तिसऱ्यांदा ती दारात बसूनच राहिली आणि तुम्ही सापडलात. पंखा चालू होता तुमच्या डोक्यावर. तिनं दवाखान्याचे दोन्ही कागद टेबलावर ठेवले. तुम्ही उचलले नाहीत.

"बाई, वास न येणं म्हणजे काही अपंगत्व नाही," तुम्ही म्हणालात. "हातपाय धड आहेत. काम करता येतं, जेवता येतं."

"साहेब, माझ्या पोरीनं तुम्हाला सांगितलं होतं. वास येत नाय म्हणून."

तिला वाटलं होतं तुम्ही नाकबूल करणार. साठ बायांतली एक पोरगी, आठ महिन्यांपूर्वीची, कुणाला आठवणार? नाकबूल केलं असतं तर बरं झालं असतं. ती घरी येऊन म्हणाली असती, साहेबाला ऐकूच आलं नव्हतं गं. पण तुम्ही खुर्चीत मागं रेलून सहज म्हणालात:

"हो, आठवतंय. पण ती हसत हसत सांगत होती ना."

म्हणजे तुम्ही ऐकलं होतं.

शिपायानं सुलेखाला बाहेर काढलं, ती व्हरांड्यातल्या बाकड्यावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. आजही तिथंच आहे, मी हे लिहितोय तेव्हा, दवाखान्याचे कागद मांडीवर धरून. तिला भरपाईचा फॉर्म देऊ नका, तो तिनं मागितलेला नाही. चहा देऊ नका. दोन प्रश्न आहेत तिचे, ते त्या दिवशी विचारायचे राहिले म्हणून मी विचारतो. पोरीनं हसत सांगितलं म्हणून तुम्ही नॉर्मल लिहिलंत. रडत सांगितलं असतं तर काय लिहिलं असतं? आणि त्या दिवशी विसाव्या वर्षातल्या पोरीला, आपलं नाक मरतंय हे ठाऊक नसलेल्या पोरीला, 'हसू नकोस, ऐक' एवढं म्हणायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

दार उघडा, बाकड्यापर्यंत चालत या आणि सांगा.